उत्तर वेशीपलीकडे काही नाही, या विधानाबाबत

प्रिय रौशन,

आधी घटना सांगते, घडल्या त्या क्रमाने. त्यांवरचे माझे मत नंतर येईल.

पहिली: जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तू आपल्या 'उत्तर वेस' या चॅनेलवर एक व्हिडिओ टाकलास. ऑर्वेन या गेमच्या नकाशावर उत्तरेला जी बंद वेस आहे, तिच्यापलीकडे काही नाही, कंपनीने तिकडचा प्रदेश रचलेला नाही आणि रचणारही नाही, असे तू त्यात सांगितलेस. दुसरी: या विधानाला तू 'निश्चित' असा शेरा दिलास. आपल्याकडे शेरे तीनच: कल्पना, संभाव्य, निश्चित. शेवटचा शेरा दोघांची संमती असल्याखेरीज द्यायचा नाही, हा नियम तूच सुचवला होतास. तिसरी: प्रसिद्ध करण्यापूर्वी तो व्हिडिओ तू मला दाखवला नाहीस. चौथी: त्यानंतर चॅनेलवर, गेममध्ये आणि फोनवर तू माझ्यापुरता गप्प झालास. पाचवी: मागल्या सोमवारी कंपनीने जाहीर केले की उत्तर वेस पुढच्या महिन्यात उघडणार आहे, पलीकडे प्रदेश आहे आणि तो पूर्ण रचून झालेला आहे. सहावी: तुझा व्हिडिओ अजूनही जसाच्या तसा आहे. त्याखाली दुरुस्तीची एक ओळ नाही.

या सहा घटनांवर एखाद्या परक्याने माझे मत विचारले असते तर मी म्हटले असते की हा माणूस निष्काळजी आहे, त्याच्यासोबत काम करू नये. माणसांविषयी माझे मत लवकर बनते आणि बहुधा बदलत नाही, हे तू माझ्या तोंडावर म्हणाला आहेस. पण तू निष्काळजी नाहीस. तू सर्व जाणून केलेस, आणि हे मी तुझ्याच पद्धतीने सिद्ध करू शकते. ते करण्यासाठी हे पत्र आहे. निदान लिहायला बसले तेव्हा माझी अशी समजूत होती.

आपली ओळख भांडणातून झाली. वेशीवरच्या कोरीव खुणा म्हणजे नुसती नक्षी आहे, असे जगभरचे खेळाडू मानत होते. ताम्रपट वाचण्यात मी उमेदीची वर्षे घालवली आहेत. नक्षी आणि लिपी यांतला फरक मला कळतो. त्या खुणा सुट्या केल्या, कोणती कुठे पुन्हा येते ते मांडले आणि दाखवून दिले की ती लिपी आहे, आणि तो मजकूर म्हणजे 'इथून पुढे जाऊ नये' अशा अर्थाची ताकीद आहे. लेख निर्दोष होता. त्याखाली आर्णीहून कुणा रौशनने लिहिले, "मॅडम, अक्षरं बराबर हायेत. पन कडी पाह्यली का तुमी? कडी आपल्याच बाजूनं हाये. मंग बंद कोनं केलं?" मला संताप आला. लगेच गेममध्ये शिरले, वेशीपाशी जाऊन पाहिले. कडी आपल्याच बाजूला होती.

त्या प्रश्नातून आपला सिद्धान्त उभा राहिला. तोवर सर्वांचे म्हणणे असे की उत्तरेकडे कुणीतरी भयंकर आहे आणि त्याला बाहेर ठेवण्यासाठी वेस बांधली. आपण म्हणालो, दक्षिणेच्या लोकांनीच, म्हणजे आपल्याच पूर्वजांनी, आपल्या राणीला पलीकडे घालवले आणि मागून कडी लावली. म्हणून इकडच्या प्रत्येक देवळात तिच्या मूर्तीचा चेहरा छिन्नीने काढलेला आहे. मराठीत असे काही कुणी लिहिले नव्हते, आणि मी उगीच नम्रता दाखवत नाही, इंग्रजीतही इतके नेटके कुणी लिहिले नव्हते. संहिता माझी, आवाज तुझा. माझ्या सहा सहा ओळींच्या वाक्यांवर तू कुरकुरायचास. "अनघा, एवढ्या लांब वाक्यात मानूस श्वास कुठं घेईन?" तरी ती वाक्ये तू अशी वाचायचास की लोकांना ती सोपी वाटत. दारव्ह्याच्या एकाने खाली विचारले होते, "ताई, तुमी गेम खेळून राह्यल्या का पीएच.डी. करून राह्यल्या?" मी त्याला उत्तर देणार नव्हतेच. तू दिलेस: "ताईचं दोन्ही झालं भाऊ. तू तुह्यं दहावीचं पाह्य."

रविवारी दुपारी तू ज्या दुकानात काम करतोस ते अब्दुल गनी चाचांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान बंद करून आर्णीहून गाडीवर यवतमाळला यायचास, बोटांना वार्निशचा वास घेऊन. पुण्यातली नोकरी सोडून तू वडिलांच्या दुखण्यासाठी परत आलास हे मला कितीतरी उशिरा कळले. तू सांगितले नव्हतेस. वाचनालयाच्या व्हरांड्यात आपण लॅपटॉप उघडून बसायचो. वेशीखालून जी नदी येते, तिच्यात उभे राहिले की आपले पात्र गारठते आणि त्याची शक्ती उतरते, हे तू शोधलेस. यवतमाळच्या मे महिन्यात, पंखा बंद पडलेल्या व्हरांड्यात, घाम पुसत तू म्हणाला होतास, "पलीकडं बर्फ हाये. लिहून घे." मी लिहून घेतले. शेरा दिला, संभाव्य. तू म्हणालास, "कंजूस हाय तू लय." शेरे देण्यात मी कंजूष आहे आणि असले पाहिजे. पण ज्या दुपारी तू ते म्हणालास, त्या दुपारी मला बर्फाविषयी तिळमात्र शंका नव्हती, आणि इतर एका गोष्टीविषयीही नव्हती.

त्या गोष्टीचे नाव आपण दोघांनी फक्त कळंबला काढले. मी चिंतामणीच्या दर्शनाला गेले होते, तू बरोबर आला होतास. गाभाऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या पाहून तू वरच थांबलास आणि म्हणालास, "तू जाऊन ये. मी चपला सांभाळतो." मी वर आले तेव्हा तू खरोखरच माझ्या चपलांशेजारी उकिडवा बसला होतास, आणि एक म्हातारी तुला आपल्याही चपला सांभाळायला सांगून गेली होती. ती येईतो आपल्याला हलता येईना. तिथेच बोलणे झाले. घरी कसे सांगायचे, कधी सांगायचे, तुझ्याकडे कोण आडवे येईल, माझ्याकडे कोण. कोणताही दिवस धरला की एकाला तो लवकर वाटे आणि दुसऱ्याला उशीर. मग तू हसत म्हणालास, "वेस उघडली का सांगू." मी हसले नाही. मला तो प्रस्ताव योग्य वाटला. दिवाळीच्या अपडेटमध्ये वेस उघडणार, या विधानाला आपण दोघांनी मिळून 'निश्चित' हा शेरा दिलेला होता. चॅनेलच्या सगळ्या आयुष्यात असे शेरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझ्या दृष्टीने ती तारीख पंचांगातल्या तारखेहून पक्की होती. आपल्यासारखी दोन शहाणी माणसेच असा मुहूर्त धरू शकतात, दुसरे कुणी नाही.

दिवाळीला वेस उघडली नाही. कंपनीने संक्रांतीच्या सुमाराचे नाव घेतले. संक्रांतही गेली आणि या वेळी तारीखच दिली नाही. तेव्हा तू व्हरांड्यात नव्हे, बस स्थानकावर मला भेटलास. तू म्हणालास, "अब्बांची तब्येत पाहून घरचे घाई करून राह्यले. वेशीचं जाऊ दे ना. आज सांगून टाकू." मी म्हणाले, ठरले ते ठरले. पुरावा येण्याआधी घोषणा करायची नसते. एकदा नियम मोडला की पुढे कोणत्याच शब्दाला किंमत राहत नाही. हा निर्णय माझा होता आणि तो मला आजही तर्कशुद्ध वाटतो. तू म्हणालास, "अन् वेस उघडलीच नाही तं?" मी म्हणाले, उघडणार, ते निश्चित आहे. दारव्ह्याची गाडी लागली, तुला बोरी अरबला बहिणीकडे जायचे होते. तू खिडकीशी बसलास आणि हात केलास. पुढल्याच आठवड्यात तो व्हिडिओ आला.

आता त्या व्हिडिओची तपासणी. तुझा पुरावा एकच होता: गेमच्या फायलींमधले उत्तरेचे फोल्डर रिकामे झाले आहे, म्हणून प्रदेश रद्द झाला. हा पुरावा टिकत नाही. दक्षिणेचे वाळवंट खुले होण्याआधी त्याचेही फोल्डर असेच रिकामे झाले होते. तेव्हा लोक हळहळत होते आणि मीही 'प्रदेश रद्द, संभाव्य' असे लिहायला निघाले होते. तू मला थांबवलेस. तू म्हणालास, "दुकानातून मोटर उचलली म्हंजे दुकान बंद नाही झालं. गिऱ्हाइकाच्या विहिरीवर बसवाले नेली." तसेच झाले, फायली दुसऱ्या सर्व्हरवर चाचणीसाठी नेल्या होत्या आणि महिन्याभरात वाळवंट खुले झाले. म्हणजे रिकाम्या फोल्डरचा अर्थ जगात कुणाला ठाऊक असेल तर तो तुला ठाऊक होता. तरीही तू त्याचा उलटा अर्थ सांगितलास, तोही अशा आवाजात की आपले सगळे प्रेक्षक विश्वास ठेवून बसले. एकाने लिहिले, "भाऊ, दिल तोडलं तुमी." तू त्याला उत्तर दिले नाहीस. तू कुणालाच उत्तर दिले नाहीस.

तेव्हा निष्कर्ष असा की तू जे सांगितलेस त्यावर तुझा विश्वास नव्हता. आणि ज्या हजारो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला, त्यांच्या आयुष्यात वेस उघडण्या-न उघडण्याने काही फरक पडणार नव्हता. ते दुसऱ्या गेमकडे वळले असते. फरक एकाच व्यक्तीला पडणार होता, जिने वेशीवर मुहूर्त धरला होता. तो व्हिडिओ तू त्या व्यक्तीसाठी केलास. माझ्यासमोर बसून जे बोलता आले नाही, ते तू सर्वांसमोर बोललास, म्हणजे मी खोडून काढू शकणार नाही. तुला वाटले असेल की मला कळणार नाही, किंवा कळले तरी मी ते पुराव्याची चूक म्हणून वाचेन. तीन महिने मी तसेच वाचले. तुझ्या व्हिडिओवर अकरा पानी खंडन लिहून तयार ठेवले. संदर्भांसह.

सोमवारी कंपनीचा व्हिडिओ आला. वेशीची दोन्ही दारे आतल्या बाजूला सरकली आणि पलीकडे बर्फ होता, रौशन. नदी तिथूनच येते. डोंगराच्या पायथ्याशी राणीची मूर्ती आहे आणि तिला चेहरा आहे. तिकडच्या लोकांनी तो जपला आहे. आपण लिहिलेले सगळे, एक तारीख सोडली तर अगदी सगळे, बरोबर निघाले. महाविद्यालयाच्या शिक्षक खोलीत मी एकटी उभी राहून ते पाहत होते. शेजारी अर्थशास्त्राचे सर परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वेळापत्रक लावत होते. ते म्हणाले, "काय मॅडम, काही वाईट बातमी?" मी म्हणाले, नाही, चांगली आहे. तुला संदेश पाठवला: 'बर्फ.' तू तो पाहिला नाहीस.

आणि मग, ठरल्याप्रमाणे, मी घरी सांगितले. वेस उघडण्याची घोषणा झाली होती, दारे उघडताना मी पाहिली होती, अट पूर्ण झाली होती, तुझे मौन ही अट रद्द करणारी गोष्ट नव्हती. बाबांना तू पाहिलेले नाहीस. मधुसूदन हे नाव आमच्या गल्लीत अजून जरा दबक्या आवाजात घेतात. आयुष्यभर न्यायालयाच्या कचेरीत त्यांनी कागद तपासले आणि कुणाचा एक अर्ज अपुरा असताना पुढे जाऊ दिला नाही. मी कुणावर गेले, हे वेगळे सांगायला नको. तुझे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, शिक्षण, व्यवसाय, गाव, सर्व मी एका दमात सांगितले. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांड्यांचा आवाजही आला नाही. बाबा म्हणाले, "ऐकलं." एवढेच. चार दिवस घरात कुणी कुणाशी बोलले नाही. शुक्रवारी जेवताना त्यांनी ताटाकडे पाहत विचारले, "त्या मुलाला वांग्याची भाजी तिखट चालते का बेताची?" मला आधी कळलेच नाही ते कुणाविषयी बोलत आहेत. आई म्हणाली, "आर्णीचा हाये तो, तिखटच खात असन," आणि पदराने डोळे पुसले. घरात ती आपले माहेरचे वऱ्हाडी बोलणे एरवी आवरून असते. बाबा म्हणाले, "येत्या रविवारी बोलाव. मी त्याच्याशी बोलेन. परीक्षा घेणार नाही म्हणावं."

शनिवारी, तुला हे सांगायला आर्णीलाच जावे असे ठरवून, मी साडी घ्यायला बाजारात गेले. साडीची मला हौस नाही, हे तुला माहीत आहे. दुकानात गादीवर तुझ्या बोरी अरबच्या आरिफा आपा बसल्या होत्या, समोर हिरव्या आणि गुलाबी कापडाचा ढीग. मला एकदाच भेटल्या होत्या, तरी लगेच ओळखले. "अगं बाई, गेमवाल्या मॅडम! या, या, बसा. तुमचीच नजर पाह्यजे होती. सांगा बरं, दुल्हनले हा रंग चांगला दिसन का हा?" मी विचारले, कुणाची दुल्हन? त्या हसल्या. "रौशननं सांगतलं नाही? असाच हाये तो, घुम्या. कारंज्याची हाये मुलगी, शगुफ्ता. डी.एड. झाली. अब्बांनी पलंगावरूनच हो म्हटलं, लय खूश हायेत. जानेवारीतच जमलं. तुमी या बरं का निकाहले. त्याच्या गेमचं समजणारं कोनी तं पाह्यजे तिथं." मी दोन्ही कापडे हातात घेतली, उजेडात नेऊन पाहिली आणि सांगितले की गुलाबी फिकट पडेल, हिरवे घ्या. ते मत मी प्रामाणिकपणे दिले. त्या मुलीला हिरवे चांगले दिसेल.

तू हे का केलेस याविषयी मला अनेक गोष्टी सुचतात. पलंगावरचे वडील, आपांची धावपळ, बस स्थानकावरचे माझे उत्तर. यांतली प्रत्येक गोष्ट मी कल्पना याच सदरात ठेवली आहे, कारण तुझ्याकडून एक अक्षर आलेले नाही. तुला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते, आणि मला ते जमते. या एका बाबतीत जमत नाही.

तेव्हा पत्राचे कारण. काल रविवार होता. मी घरी सांगितले की तू बाहेरगावी गेला आहेस. माझ्या आयुष्यातले हे पहिले खोटे मी बाबांशी बोलले, आणि कागद तपासणाऱ्या त्या माणसाने ते न तपासता मान्य केले. म्हणाले, "मग पुढल्या रविवारी." आईने वांगी परत टोपलीत ठेवली. आज सकाळी ते बाहेरच्या खोलीतली खुर्ची खिडकीजवळ हलवत होते. पाहुण्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. ज्याला काय खाऊ घालायचे यावर माझे वडील आणि माझी आई इतक्या वर्षांनी इतके बोलली, तो मुलगा येणार नाही, हे वाक्य मला रचता येत नाही. मी अनेकदा प्रयत्न केला, आणि वाक्ये रचणे हे माझे काम आहे. ते तू रच. तुझ्या हस्ताक्षरात, तुझ्या सहीने, बाबांच्या हातात देता येईल असे. फोन करू नकोस; तुझा आवाज ऐकला तर मी पुन्हा विश्वास ठेवेन. निरोप पाठवू नकोस, व्हिडिओ करू नकोस. पुढचा रविवार येण्यापूर्वी मला लेखी उत्तर पाहिजे.

तुझीच (हा शब्द मी विचार करून लिहिला आहे),
अनघा